कपावरची रिकामी जागा

बायांनो, सकाळपासून डोकं तापलं आहे, म्हणून इथं आपल्या ग्रुपवरच लिहून राहिली.

आज जरीपटका भागात माझ्या लहानपणच्या मैत्रिणीकडे, शशीकडे चहाले गेली होती. तिच्या नातीनं आमच्या मोहल्ल्याच्या बास्केटबॉलचा फिरता कप जिंकला. सर्वात चांगल्या खेळाडूले तो वर्षभर घरी ठेवायले मिळते. रिवाज असा, की जिंकणाऱ्यानं आपल्या नावाची पितळी पट्टी बनवून कपाच्या लाकडी बुडाले ठोकायची.

१९८० च्या सुमाराले शशी दोनदा जिंकली. तिच्या दोन्ही पट्ट्या अजून चमकून राहिल्या. मधल्या वर्षी मी जिंकली होती. पण बाबा म्हणाले, "पोरीचं नाव काहून ठोकाचं? उद्या लग्न झालं की आडनाव बदलन." ती जागा रिकामीच राहिली.

नातीनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "आजी, या वर्षी कोणीच नव्हतं जिंकलं का?"

शशी चहा गाळत बोलली, "नसन बाप्पा. कोणाले आठवते!"

कोणाले आठवते? फायनलमध्ये माझ्या टीमनं हिच्याच टीमले हरवलं होतं! घरी जाऊन रडली होती शशी.

हो, जळते मी तिच्यावर. लपवू कशाले?

उद्याच पट्टी बनवायले टाकते. फक्त एक सांगा वं, आडनाव माहेरचं लिहू का सासरचं?