मिठावरचं शीड

बर्फावरच्या शिडाच्या होड्या मी कधी पाहिल्या नाहीत. कुवेतमध्ये पाहणार तरी कुठे? त्यांच्याबद्दल कळलं ते अब्बांच्या रिफायनरीतल्या एका डच इंजिनीयरकडून. त्याच्या देशात कालवे गोठले की नावाडी होडीखाली लोखंडी पट्ट्या ठोकायचे आणि बर्फावरून माल न्यायचे. पुढे अमेरिकेतल्या धनिकांनी तीच होडी शर्यतीला घेतली, नदीकाठच्या आगगाड्यांशी पैजा लावल्या. ऐकून माझं डोकं फिरलं. कुवेतला येण्याआधी अब्बा मुंबईच्या गोदीत युनियनची पत्रकं वाटायचे आणि त्या पत्रकांवर बोट फिरवत मी वाचायला शिकले. कष्टकऱ्याच्या अवजाराचं खेळणं झालेलं मला आजही सहन होत नाही.

"आधी बघ तरी, मग भाषण कर," अब्बा म्हणाले.

त्या इंजिनीयरने होडीच्या पट्ट्यांऐवजी तीन चाकं लावून शिडाची गाडी बनवली होती. अब्बांची नोकरी संपत आली होती, लवकरच ते कायमचे रत्नागिरीला जाणार होते. लहानपणी ते वडिलांच्या मचव्यावर शीड सांभाळायचे, पुढचं आयुष्य पाइप जोडण्यात गेलं. जाण्याआधी एकदा शिडाचा दोर हातात हवा होता त्यांना.

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं इंजिनीयरच्या जीपने अबू हलीफाहून दक्षिणेला सबख्यावर गेलो. सबखा म्हणजे मिठाचं पांढरं, सपाट मैदान. वर कडक पापुद्रा, खाली चिखल.

"समुद्राकडे जाऊ नका," इंजिनीयर म्हणाला. "तिथे मीठ पातळ आहे. चाक रुतलं की गाडी कोलांटी खाते. वारा वाढला तर गाडीचं नाक वाऱ्याकडे वळवा, ती थांबेल."

"आता हा मला वारा शिकवणार!" अब्बा मला मराठीत म्हणाले आणि हसत गाडीत बसले.

गाडी निघाली. काही वेळ चाकांची कुरकुर ऐकू आली, मग ती लांब जाऊन विरली. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. आमच्या किनाऱ्यावरचा कुठलाही माणूस मचव्यावर जे करतो तेच अब्बांनी केलं. त्यांनी गाडीची पाठ वाऱ्याकडे केली. पाण्यात अशाने होडीवरचा ताण उतरतो. इथे गाडीला धरून ठेवायला पाणी नव्हतं. ती सुटली, थेट समुद्राच्या दिशेने.

लांब गेल्यावर मृगजळात शीड जमिनीपासून सुटल्यासारखं दिसलं. त्याच्याखाली आकाशाचा पट्टा दिसत होता आणि त्या पट्ट्यात दुसरं एक शीड उलटं लटकलं होतं. मग दोन्ही एकमेकांत शिरली आणि तिथे काहीच उरलं नाही. मी जीव तोडून हाक मारली. आवाज कशाला आपटला नाही, नुसता गेला.

जीप रुतली असती, म्हणून आम्ही चाकांच्या खुणांवरून चालत निघालो. मिठावर तीन रेघा होत्या. एके ठिकाणी दोनच उरल्या, म्हणजे एक चाक हवेत उचललं गेलं होतं, आणि बराच वेळ दोनच राहिल्या. इंजिनीयर भराभर चालू लागला. तिसरी रेघ परत दिसली तेव्हा त्याने सुस्कारा सोडला. थोड्या वेळाने पायाखालचं मीठ करकरायचं थांबलं. ते ओलं झालं होतं.

गाडी वाऱ्याकडे नाक करून उभी होती, शीड फडफडत होतं. अब्बा आत बसलेले होते. तिच्या मागे चार पावलांवर जमीन चिखलाने काळी पडली होती.

मी धावत जाऊन त्यांचे खांदे धरले. हात, पाय, सगळं धड होतं.

"बरं झालं हाक मारलीस, बाय," ते म्हणाले. "हाक समोरून आली, तू आडवी येशील म्हणून नाक फिरवलं. नाहीतर गेलो होतो."

"मी मागे होते, अब्बा. पार मागे."

'हो, मीच' म्हणून विषय संपवता आला असता. पण आमच्या घरात दिलाशासाठीही कधी खोटं बोललं गेलं नव्हतं.

ते मान वळवून मागच्या काळ्या ओलीकडे बघत राहिले. "आवाज तुझाच होता."

"काय म्हणतायत?" इंजिनीयरने विचारलं.

"परत जाऊ या म्हणतायत," मी सांगितलं.

आम्ही शीड पूर्ण उतरवलं, गुंडाळून घट्ट बांधलं, आणि मगच गाडी ओढायला घेतली.