दादा एक दिवस आधी आला

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मी एकदा धडधाकट असताना मेलेला ठरवलं, आणि तेही भूगोलाच्या आधारावर.

मी अकोल्याला शाळेत भूगोल शिकवायचो. सुटीत अमरावतीला, संत्र्याच्या मळ्यातल्या आमच्या घरी आलो होतो. दादा नोकरीला कलकत्त्यात. दुपारी त्याची तार आली : 'आज सकाळी निघालो.'

"भावजी, कधी येतीन हे?" वहिनीचा चेहरा फुलला होता.

मी नकाशा पसरला, त्यावर दोरा ठेवला (वहिनीच्याच शिवणाच्या डब्यातला!), आगगाडीचा वेग धरला आणि निकाल दिला, "उद्या संध्याकाळी. आज येणं जित्या माणसाले शक्यच नाही!"

त्याच दिवशी दिवेलागणीला दादा फाटकाशी उभा होता.

वारा पडलेला, संत्र्यांखाली काळोख साठलेला. दादाचा चेहरा राखेसारखा पांढरा. दोन्ही कानांत कापसाचे बोळे! आमच्याकडे कानांत कापूस कोणाच्या घालतात, हे सांगायला नको. शिवाय पोस्टमनला झाडावर चढवणारं आमचं कुत्रं भुंकलंच नाही. (घरच्या माणसावर ते कधीच भुंकत नसे, पण हे आठवायला डोकं ठिकाणावर लागतं.)

"दादा, कशानं आला तू?" मी ओसरीवरून ओरडलो. पुन्हा ओरडलो. तो हसला आणि त्यानं हळूच आभाळाकडे बोट केलं.

आई मटकन बसली. "अवो माय! गाडीचा घात झाला! घराच्या ओढीनं आलं वो लेकरू!"

आता दादा जिवंत, तर माझा दोरा चुकलेला. दोरा बरोबर, तर दादा गेलेला. खोटं कशाला सांगू? मला दुसरं सोपं वाटलं.

"हिशोब पक्का हाय, माय," मी म्हणालो, आणि धावत जाऊन फाटकाची कडी आतून घातली.

"पाणी आण न बे!" दादा भसाड्या आवाजात ओरडला.

"पाहा, भुतावानी पाणीच मागून राहिला!" मी घरातून ओंजळभर मीठ-मोहऱ्या आणून त्याच्यावर भिरकावल्या. आई रडत रडत वहिनीच्या बांगड्यांकडे बघू लागली.

"मी नाही फोडत बांगड्या!" वहिनी उठली. कंदील घेऊन फाटकाशी गेली, आधी त्याची पावलं पाहिली, मग गजांतून हात घालून त्याच्या कानातला बोळा उपसला. "अवो, हे तं घामानं चिंब हायेत, जित्ते हायेत!" म्हणत ती तिथंच हमसून रडली.

"काहून रडून राहिली?" दादा गोंधळला. "नागपूरपर्यंत विमानानं आलो. आवाजानं कान फुटतात, म्हणून कापूस देतात, तो काढाचाच राहिला. पुढं तिवस्यावरून मोटार, तिची ही धूळ. तारेत विमान लिहिलं असतं, तं माय घाबरली असती!" (आता कोणी घाबरलंच नव्हतं!) "कलकत्ता ते नागपूर काही तासांत आलो. फाटक ते ओसरीच जमून नाही राहिलं!"

वहिनी बांगड्या चाचपत माझ्याकडे वळली. "भावजी, तुमाले भाऊ गेलेला चालते, पण दोरा चुकलेला चालत नाही!"

मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गुपचूप बडनेरा स्टेशनावर जाऊन कलकत्त्याची गाडी पाहून आलो. मी सांगितलेल्या वेळेलाच आली हो!