म्हशीच्या दुधावर मिळालेला वन्स मोअर

आमच्या घरच्या म्हशींचं दूध मी काही महिने चोरून कुस्तीच्या तालमीतल्या पोरांना पाजलं, ते एका गाण्यासाठी. हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलं, आणि त्याला सांगायला नको होतं असं आता वाटतं.

एकोणीसशे सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा पुष्कळ होते आणि सगळेच सिनेमाची गाणी म्हणायचे. मूळ गायकासारखा हुबेहूब आवाज काढणारा तो मोठा, असा हिशेब. त्यात एक चौघांचा ग्रुप होता, तो मधूनच स्वतःची गाणी म्हणायचा. मराठीत, इलेक्ट्रिक गिटारवर. गाणी करणारा आणि म्हणणारा माझ्याच वयाचा. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आब्बांचा, लग्नाचा बँड होता. लग्नसराईत तो लाल कोट घालून वरातीपुढं क्लॅरोनेट वाजवायचा आणि उरलेल्या दिवसांत केस वाढवायचा. कोट घालायची वेळ आली की आब्बा त्याला धरून न्हाव्याकडं न्यायचे.

मी त्यांच्या घरी दूध घालायचो. आमचं घर कसबा बावड्याचं, शेती थोडी आणि म्हशी जास्त. रोज दुपारनंतर म्हशी घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचं, तिथंच धार काढायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळ पेला द्यायचा. वाटेत त्यांच्या दारात किटली टेकवायची. आतल्या खोलीत, भिंतीला टांगलेल्या ढोल-ताशांच्या खाली, त्यांची प्रॅक्टिस चाललेली असायची. म्हशी बाहेर रस्ता अडवून उभ्या आणि मी उंबऱ्यावर.

"आरं दूधवाल्या, म्हशी बोंबलालेत बाहेर," तो गिटार न थांबवता म्हणायचा.

"त्यास्नीबी आवडालंय," मी म्हणायचो. एरवी मला असलं काही सुचायचं नाही.

रेडिओवर दूरच्या स्टेशनांची इंग्रजी गाणी खरखरत यायची, ती आम्ही दोघं कान लावून ऐकायचो. शब्द एक कळायचा नाही. आत्ता मला वाटतं, न कळण्यातच खरी मजा होती. त्या गाण्यांतला माणूस कुठं उभा आहे, कशासाठी ओरडतोय, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवायचं. माझ्या मनातला तो माणूस कायम पंचगंगेच्या पुलावर उभा असायचा.

त्याच्या गाण्यांतलं मला सगळ्यात आवडायचं ते मागाचं गाणं. त्याची बहीण इचलकरंजीत दिली होती, दाजी यंत्रमागावर कामाला. बहिणीकडं राहायला गेला की भिंतीपलीकडं मागांचा खटाक-खटाक चालूच असायचा. तो ठेका त्यानं गिटारवर बसवला. गाण्यात मागावरच्या माणसाला बाहेरून कुणीतरी हाक मारतंय, आणि आवाजात त्याला ती ऐकूच येत नाही, एवढंच. ते ऐकताना मलाही कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. कोण ते कळायचं नाही. लग्न ठरलेलं नव्हतं, कुणावर जीव बसला होता असंही नाही. नुसतीच हुरहुर.

गणपतीत एका मंडळासमोर त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं. गाणं संपलं आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. पुढं बसलेल्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. मी वाजवली टाळी, पण एकट्याची टाळी किती केविलवाणी असते ते तेव्हा कळलं. कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळत तो म्हणाला, "काढून टाकू हे गाणं. लोकास्नी सिनेमाचंच पाहिजे, आब्बा म्हणतोय त्ये खरं हाय."

ते गाणं पुन्हा ऐकायला मिळणार नाही, ह्या एका विचारानं मी दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो.

आमच्याकडं वन्स मोअर हा नुसता ओरडा नसतो. मांडवातून तो जोरात आला की स्टेजवरच्यानं गाणं पुन्हा म्हणायचंच, नाहीतर पुढचं गाणं सुरूच होऊ देत नाहीत. आणि शिट्टी मारावी तर तालमीतल्या पोरांनी. ही पोरं रोज आमच्या कट्ट्यावर दूध प्यायला यायची.

"मागाच्या गाण्याला शिट्ट्या आणि वन्स मोअर," मी सांगितलं.

"त्ये खटाक-खटाक? आरं, एकदा ऐकून डोकं उठतंय. परत कशाला?" त्यांच्यातला थोरला पैलवान म्हणाला.

"फुकट दूध पाहिजे का नको?"

"पाहिजे की. पर पेला फेस बसल्यावर बघायचा हां. फेस पाजून शिट्ट्या मागशील."

"आणि एका जागी बसू नका. मांडवभर पांगा."

"आम्हास्नी शिकवू नगंस. निवडणुकीत बी हेच करतोय आम्ही."

पुढच्या कार्यक्रमात गाणं संपलं आणि मांडवाच्या चारी बाजूंनी शिट्ट्या उठल्या. मी पोरांकडं बघत नव्हतो, स्टेजकडं बघत होतो. तो आधी घाबरला. त्यानं ड्रमवाल्याकडं बघितलं, ड्रमवाल्यानं खांदे उडवले. मग तो हसला आणि दुसऱ्यांदा गायला लागला. एरवी तो डोळे मिटून गायचा. त्या वेळी डोळे उघडे होते आणि तो लोकांकडं बघत होता. मी त्याला इतकं सुंदर गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, दूध कारणी लागलं.

मग हे चालूच राहिलं. मंडळं बदलली, पेठा बदलल्या, पोरं तीच. घरी मी म्हैस आटल्याचं सांगितलं. वडिलांनी तिला सरकी वाढवली, शिंगाला काळा दोरा बांधला, आणि आई रोज तिची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. म्हैस बापडी डोळे मिटून रवंथ करायची.

तालमीची पोरं ओरडली की आजूबाजूचे लोकही ओरडायचे, हे मी माझ्या समाधानासाठी लक्षात ठेवलं होतं. त्यातले खरे किती आणि बघून ओरडणारे किती, हे मी कधी तपासलं नाही.

लग्नसराईच्या तोंडावर तो कट्ट्यावर आला. घरी भांडण झालं होतं. आब्बांनी वरातींच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या आणि हा कोट घालायला तयार नव्हता.

"आब्बा म्हणाला, शिट्ट्या खाऊन पोट भरतंय व्हय रं? मी म्हटलं, भरतंय. इचलकरंजीला कार्यक्रम ठरवलाय. सगळी आपलीच गाणी. सिनेमाचं एक बी न्हाय."

मी धार काढत होतो. हात थांबला.

"तुला काय वाटतंय? लोक मागालेत म्हणून म्हणतोय मी. न्हायतर माझी काय टाप होती?"

तेव्हा सांगायला हवं होतं. भीतीनं गप्प बसलो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. मला तो कार्यक्रम हवा होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचीच गाणी, आणि पुढं बसलेला मी. "कर की," मी म्हणालो.

इचलकरंजीला पोरांना नेता आलं नाही, त्यांची कुस्ती होती. मला तेवढी काळजी वाटली नाही. वाटलं, हे गाणं तर त्या गावाचंच आहे, तिथं शिट्ट्या विकत घ्यायची काय गरज? त्यालाही तसंच वाटत होतं. म्हणून त्यानं मागाचं गाणं सगळ्यात आधी घेतलं.

मागांना सुट्टी होती. मैदान भरलं होतं. गिटारवर खटाक-खटाक सुरू झालं आणि लोक एकमेकांकडं बघायला लागले. ह्या आवाजात हे लोक पाळीभर उभे असतात, घरी आल्यावरही कानातनं तो जात नाही, हे आम्हा दोघांना कसं सुचलं नाही, देव जाणे. तो तिथं राहिला होता तो पाहुणा म्हणून.

मधल्या रांगेतून एकजण उभा राहिला. "ओ पावणं! सुट्टी हाय आज! माग बंद करा आन् गाणं म्हणा!"

सगळं मैदान हसलं. वाईट मनानं नव्हे. त्यांना ती खरंच गंमत वाटली. पहिल्या रांगेत बसलेल्या दाजींनी मान खाली घातली. त्यानं गाणं पुरं केलं, दुसरं घेतलं, तेही पुरं केलं. लोक सिनेमाची गाणी मागत राहिले. शेवटी ड्रमवाल्यानं त्याच्याकडं न बघता एका सिनेमाच्या गाण्याचा ठेका धरला आणि मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. तो गिटार खाली ठेवून स्टेजच्या मागं गेला.

परत येताना हातकणंगल्याजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. टेम्पो थांबवून आम्ही खाली उतरलो. रेल्वे निघून गेल्यावर तो म्हणाला, "इचलकरंजीला न्हाय कळलं. कोल्हापूरला कळलंतं."

"व्हय," मी म्हणालो.

त्या वर्षीच्या लग्नसराईत तो लाल कोट घालून वरातीपुढं होता. ग्रुप मोडला. मीही हळूहळू त्यांच्या घरी दूध घालायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला लागलो.

आता कॅसेटी आल्यात. रिक्षात, चहाच्या गाड्यावर, कुठंही कुणाचंही गाणं वाजत असतं. लग्नातला उखाणासुद्धा टेप होतो. त्या चौघांचं एकही गाणं कुठं टेप झालं नाही. टेपरेकॉर्डर असलेला माणूस तेव्हा आमच्या ओळखीत नव्हता. नवी गिटार कुठंही वाजली की मी थांबतो, आणि दुसरंच काहीतरी निघतं.

परवा माझ्या भाचीच्या लग्नात बँड त्याचाच होता. आब्बा गेले, आता तो मालक. जेवणं झाल्यावर मांडवामागं तो क्लॅरोनेट पुसत बसला होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. मी जाऊन शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. तालीम, दूध, पांगून बसलेली पोरं. इतकी वर्षं मनात होतं, बोलताना थांबता येईना. आता हलकं वाटेल असं वाटत होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. क्लॅरोनेट पेटीत ठेवलं.

"सगळ्याच कार्यक्रमांत?" त्यानं विचारलं.

"पहिला आणि इचलकरंजीचा सोडून सगळ्यांत."

त्यानं पेटीची कडी लावली. मग म्हणाला, "पोरांना सांगत असतोय मी. तुमच्या बापाला कोल्हापूरनं वन्स मोअर दिलाता म्हणून. आता काय सांगू?"

"मला आवडायचं," मी म्हणालो. "मला खरंच लई आवडायचं. अजून आवडतंय."

"मग तू एकट्यानंच ओरडायचं हुतंस की रं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. बँडच्या पोरांनी बोलावलं तसा तो उठला. पाठवणीची वेळ झाली होती.

भाचीच्या गाडीपुढं त्यानं सिनेमाचं एक रडवणारं गाणं वाजवलं, आणि सगळ्या बायका रडल्या.

मागाच्या गाण्याची चाल मला अर्धीच आठवते. हाक ऐकू येत नाही तिथपर्यंत. पुढं ती कुठं जायची ते आता फक्त त्यालाच माहीत आहे, आणि त्याला विचारायला माझ्याकडं तोंड राहिलेलं नाही.