आक्कांची घरगाडी

आक्का बोलता बोलता मध्येच उजवा हात वर करायच्या. मग समोरच्यानं गप्प व्हायचं. त्या मान किंचित कलती करून ऐकायच्या आणि आतल्या खोलीतून काही आलं नाही, की हात खाली घेऊन वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू करायच्या. चऱ्होलीत त्यांच्या चाळीत आम्ही भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा पाण्याची वेळ सांगता सांगता त्यांनी असा दोन-तीनदा हात वर केला. मला वाटलं, बाईंना भास होत असावेत. पुढं महिनाभरात मीही बोलता बोलता थांबून कान द्यायला लागले.

आतल्या खोलीत तात्या असायचे, आक्कांचे यजमान. एके काळी त्यांचा क्रेनचा धंदा होता. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठंही ट्रक उलटला, की लोक तात्यांना बोलवायचे. पुढं अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द शिल्लक राहिला, ‘चल’. पाणी हवं असलं तरी चल, कूस बदलायची असली तरी चल, राग आला तरी चल. कोणता चल कशासाठी, हे फक्त आक्कांना कळायचं. लेकीनं मध्यंतरी त्यांच्यासाठी बाई ठेवून पाहिली. तात्यांनी डाव्या हातानं ताट भिरकावून दिलं. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास ते घेतच नसत. त्यामुळं आक्कांचं जग म्हणजे ती खोली, नळ आणि अंगण. किराणासुद्धा आम्ही भाडेकरणी आणून द्यायचो. एकदा त्या हसत म्हणाल्या, “दिसभर चल चल म्हंत्यात, आन् दोघं बी हाय तितंच.”

त्या अंगणात एक डबा उभा होता. गोल कोपऱ्यांचा, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, दोन चाकांचा, पुढं गाडीला जोडायचा दांडा. कुठल्याशा कंपनीची उभारणी चालू असताना परदेशी इंजिनिअरला राहायला म्हणून तो आणला होता. काम संपल्यावर तो भंगारात निघाला आणि तात्यांनी क्रेनला लावून घरी आणला. आत घडीचं टेबल, बाकाचा पलंग, एवढासा ओटा. आम्ही गेलो तेव्हा त्यात कोंबड्या होत्या, फरशीचा प्लाय कुजून भुसा झाला होता आणि छताच्या जोडातून पाणी गळायचं. सगळी चाळ त्याला डबा म्हणायची. आक्का मात्र म्हणायच्या, “घरगाडी.”

ही घरगाडी दुरुस्त करायचा नाद आक्कांना कधी लागला ते मला नक्की ठाऊक नाही. माझी महाळुंग्याच्या कंपनीत नोकरी, सुट्टी गुरुवारी. एका गुरुवारी कपडे वाळत घालताना पाहिलं, तर आक्का पदर खोचून डब्याखाली उताण्या झोपल्या होत्या आणि तारेच्या ब्रशनं गंज खरवडत होत्या. तात्यांची पान्यांची पेटी शेजारी उघडी होती. मी विचारलं, “आक्का, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कोन शिकवनार? ब्लाउज उसवताना बघायचं, कसा शिवलाय. पत्र्याचं बी तसंच.”

आणि खरंच, त्यांचं काम शिवणकामासारखंच चालायचं. खिडकीचं जुनं रबर काढलं की ते सुतळीनं मोजायचं. कुजका प्लाय उचलला की जमिनीवर अंथरून त्यावरूनच नवा आखायचा. कधी चुकायचंही. एकदा त्यांनी छताच्या जोडावर घाईत पट्टी मारली आणि आतला ओलावा तसाच राहून नवीन प्लायला फोड आले. दोन दिवस त्यांनी पान्यांच्या पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी उपटून पुन्हा पहिल्यापासून बसल्या. काम चालायचं ते तात्यांच्या झोपेच्या आणि औषधाच्या मधल्या फटीत. पॉलिश पेपर हातात, आणि आतून ‘चल’ आलं की तो तिथंच टाकून पळायचं.

यामागं त्यांच्या मनात काय आहे, ते एकदा पलंगाची लांबी मोजताना कळलं. तात्यांच्या खाटेइतकी ती यायला हवी होती. आक्कांचं माहेर खेडच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. तिथं त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. तात्या पडल्यापासून आक्कांनी माहेरी एक रात्र काढली नव्हती. तात्यांना बसवत नसे. दवाखान्याची गाडी पाहिली की ते अंग ताठ करत. भावाच्या घरी न्हाणी बाहेर, पायऱ्या उतरून. “ह्यांची खोलीच उचलून न्यायची,” आक्का म्हणाल्या. “दारात गाडी लावायची. हे ह्यांच्या जागी, मी आईपाशी. हाक मारली की दोन पावलांवर.”

पण डबा उभा होता ती जागा आणि त्याची बाहेर पडायची वाट धाकट्या दिरांच्या वाटणीत होती आणि त्यांना तिथं इमारत उठवायची होती. माणूस वाईट नव्हता. एका सकाळी येऊन सरळ बोलले, “वहिनी, डबा काढायचा तर आत्ताच काढा. पाया खणला की वाट बंद. मग मला बोल लावू नका.”

“पाडव्यापत्तर थांबा भाऊजी.”

“थांबतो. पण पाडवा म्हणजे पाडवा.”

त्या थंडीत आक्का किती वाळल्या ते मी पाहिलं आहे. चाकांची बेअरिंग काढून, रॉकेलनं धुऊन, ग्रीस भरून झाली. नवे टायर आले. गादी त्यांनी स्वतः शिवली. पाडव्याच्या आधीच्या गुरुवारी एक पिकअपवाला ओढायला तयार झाला. माणसं आत बसवून ओढणं नियमात बसत नव्हतं, पण त्या दिवशी नियमाचं नाव कुणी काढलं नाही. चाळीतल्या चौघांनी तात्यांना उचलून पलंगावर ठेवलं. मदतीला म्हणून मीही आत बसले. डबा हलला तेव्हा आक्कांनी खिडकीची चौकट धरली आणि तोंडावर पदर घेतला. हसत होत्या की रडत, सांगता येणार नाही.

आळंदी मागं पडेपर्यंत सगळं ठीक होतं. चाकणच्या चौकाच्या अलीकडे मात्र गाड्या थांबल्या. पुढं कंटेनर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना ट्रक, मागं कंपन्यांच्या बसेस. ऊन वर आलं तसा पत्रा तापला. खिडकीतून हवा येईना, नुसता धूर. तात्या आधी डोळे मिटून होते. मग शेजारच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि ते दचकून ओरडायला लागले. “चल! चल! चल!” डाव्या हातानं त्यांनी आक्कांचा दंड असा पकडला, की बांगडी फुटून रक्त आलं.

“पाणी हवंय का त्यांना?” मी विचारलं.

“न्हाई.”

“कूस बदलायचीय?”

“न्हाई गं पोरी,” आक्का म्हणाल्या. “घरी जायचं म्हंत्यात.”

मी पुन्हा पुन्हा म्हटलं, थोडं थांबू, वाट मोकळी होईल, खेड आता जवळच आहे. आक्का तात्यांच्या छातीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांची नजर पुढच्या खिडकीतून दिसणाऱ्या ट्रकच्या फाळक्यावर होती. मग त्यांनी दार उघडून पिकअपवाल्याला हाक मारली, “दादा, फिरवा मागं.”

“कुठं फिरवू आक्का? पाय ठेवायला जागा न्हाई!”

मागंही जाता येईना, पुढंही. त्या तापलेल्या पत्र्यात आम्ही तिघं दुपारपर्यंत अडकून पडलो. ओल्या फडक्यानं आक्का तात्यांचं तोंड पुसत राहिल्या आणि तात्या ओरडून ओरडून शेवटी नुसते ओठ हलवत राहिले. वाट सुटल्यावर घरी आलो. तात्यांना खाटेवर टेकवलं तसे ते निपचित झोपले. आक्का दिरांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, “पाया खणा भाऊजी. पाडव्याची वाट नका बघू.”

डबा होता तिथंच परत गेला. जेसीबी आला, खड्डे पडले, खांब उठले. त्याच वैशाखात आक्कांची आई गेली. आक्का भावाच्या जीपनं गेल्या आणि दिवस मावळायच्या आत परत आल्या, कारण तात्यांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आल्या त्या थेट आत गेल्या. रडणं झालं असलं तर ते जीपमध्येच झालं असेल.

मला वाटलं, आता डब्याचा नाद सुटेल. सुटला नाही. पत्र्याला पॉलिश झालं, पडदे लागले, घडीच्या टेबलाला नवी बिजागरी आली. चारी बाजूंना खांब, वर स्लॅब, आणि खाली भर दुपारी बल्ब लावून आक्का काम करायच्या. न राहवून मी विचारलं, “आक्का, आता हा कुठं जाणार?”

“कुटं न्हाई. पन हितं बसलं की भिंती येगळ्या हायत.”

पुढं आम्ही दिघीला स्वतःच्या घरात गेलो. तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चऱ्होलीला गेले. आक्का ओसरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर मोकळे. तेव्हाच दिरांनी हळूच विषय काढला, “वहिनी, पार्किंगला जागा लागणार. डबा आता अख्खा निघत न्हाई. गॅस कटरनं कापून देतो भंगारात.”

“कापायचा न्हाई,” आक्का म्हणाल्या. “मी जोडलाय, मी सोडवीन.”

आणि त्यांनी सोडवला. दिवसकार्य झाल्यावर ड्रिल घेऊन बसल्या आणि एकेक रिवेट काढला. लेक म्हणत होती, माझ्याकडे चल. आक्का तिला म्हणाल्या, “यीन. आधी हे हुंदे.” पत्रे, खिडक्या, प्लाय, ओटा, सगळं माणसं जायच्या फाटकातून बाहेर आलं. लोखंडी सांगाडा आणि चाकं तेवढी फाटकातून निघेनात. ती आक्कांनी तिथंच सोडली. बाकी सगळं पिकअपमध्ये बांधून त्या भावाच्या गावी गेल्या.

दिवाळीनंतर मी एकटीच खेडच्या एसटीनं त्यांना भेटायला गेले. भावाच्या शेताच्या बांधाला, दगडी जोत्यावर घरगाडी उभी होती. चाकांविना, थोडी तिरकी, एका कोपऱ्याचे रिवेट अजून लागायचे. दार सताड उघडं होतं. आत पलंगावर आक्का झोपल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, एक हात पलंगाखाली लोंबता. बाहेर भाऊ मळणी यंत्र चालवत होता. कानठळ्या बसतील असा तो आवाज. आक्का हलत नव्हत्या.

मी पायरीवर बसले. बराच वेळ बसले. भावानं यंत्र बंद केलं, येऊन पाणी दिलं आणि म्हणाला, “असंच असतंय ताई. जेवली की पडती, ते दिवस कलंस्तवर. उठवू का?”

“नको,” मी म्हटलं. आणलेली मिठाई पायरीवर ठेवली, मुंग्या लागू नयेत म्हणून वर ताट उपडं घातलं आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघाले.