पोटलीतला घेवडा
कांदा लाल होऊन त्यावर उकडलेली बरबटी, म्हणजे चवळी, पडली की त्या वासासरशी मला आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, शेताचा तो बांध, आठवतो. बाबा आफ्रिकेतल्या रेल्वेच्या कामावरून आमच्या गावी, दरेकशाला परतले, ते पोटलीभर लाल घेवडा घेऊन. "तिकडे हा उकडून कांद्यावर नुसता परततात," त्यांनी जेवताना मायला कौतुकाने सांगितलं. तिकडची चव त्यांना घरीही मिळावी म्हणून मायने रात्रीच सगळे दाणे भिजत घातले आणि सकाळी बाबा शेतावर गेल्यावर जवसाच्या तेलात परतले. बाबा आले तेव्हा त्यांच्या हाताला माती होती. धुऱ्यावर तुरीच्या बाजूला त्यांनी जागा खोदून ठेवली होती. ताट पाहून ते म्हणाले, "हे त बिजाईचं होतं." "मंग काल काऊन नाही सांगितलं तुमी?" मायने विचारलं. "चांगलं झालं," म्हणत बाबांनी पुन्हा वाढून घेतलं. एखादा दाणा राहिला असेल म्हणून माय रिकाम्या पोटलीची शिवण चाचपत बसली. ती खोदलेली जागा बाबांनी पुढे कधीच पेरली नाही. आता दोघंही नाहीत. पेरणीला मी मूठभर तूर घेऊन तिथे जातो आणि मूठ न उघडताच परततो.