बिनआवाजाचा कॉम्प्युटर

ललित महाजनांकडून कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे आधी उलटतपासणी. बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ त्यांचं चिंचोळं दुकान. गिऱ्हाईक आत शिरून म्हणालं, "ललितभाऊ, एक चांगला बनवून द्या," की ते विचारणार, "चांगला मतलब? करायचं काय त्याच्यावर?" दापोऱ्याच्या एका केळीवाल्याने पोरासाठी लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट मागितलं, तर त्याला तोंडावर सांगितलं, "दिव्यांनी अभ्यास होत नाही पाटील, त्यापेक्षा रॅम वाढवू." पाटील तणतणत गेले, दुसरीकडून दिवेवालं मशीन घेतलं आणि वर्षभराने तेच यंत्र दुरुस्तीला यांच्याकडे टाकून गेले. हा किस्सा ललितभाऊ फार चवीने सांगत. स्वस्तातलं पण नीट, हा त्यांचा बाणा. आणि नीट करायचं तर दम धरावा लागतो, हे त्यांचं पालुपद. एका पंख्यासाठी गिऱ्हाइकाला महिनाभर ताटकळत ठेवतील, पण घरघरणारा पंखा बसवणार नाहीत. गावाने या स्वभावाचं कौतुकच केलं. त्याचा चटका बसायचा तो घरातच बसला.

त्यांची बायको निर्मला प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेला लागून पॉवरलूम, घरामागच्या गल्लीतही पॉवरलूम. अख्खा दिवस खडखडाट. त्या खडखडाटावर चढून पाढे म्हणवून घ्यायचे, तर गळाही तसाच कमावलेला. ती स्वयंपाकघरातून बोलली की कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कळायचं, आज महाजनांकडे भरीत आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तिचे शब्द घसरायला लागले. जीभ जड झाल्यासारखी. पोरं वर्गात हसली तेव्हा तीही हसली. इंदूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि ललितभाऊंना समोर बसवून सांगितलं, की हा स्नायूंचा आजार आहे, गळ्यापासून सुरू झालाय, याला औषध नाही. आवाज जाणार. कधी, ते सांगता येत नाही. बाहेरच्या खोलीत बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी बसली होती. तिने एक वाट दाखवली. बाईंनी आत्ताच काही वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवावीत. त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज शिकून घेतो. पुढे बोलणं बंद झालं तरी त्या टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल. खोली तेवढी शांत हवी, आणि मशीनची घरघर माइकमध्ये जायला नको.

परतीच्या बसमध्ये ललितभाऊ मनातल्या मनात पार्ट जुळवायला बसले. असीरगडाचा घाट उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात कॅबिनेट ठरलं होतं. बायकोचा आवाज चाललाय आणि हा गृहस्थ पार्ट निवडतोय, असं कोणी म्हणेल. पण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. रडायचं कसं हेही त्या दिवशी त्यांना सुचलं नाही.

घरातला जुना कॉम्प्युटर चालू झाला की पिठाची गिरणी बरी. तो बाद. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणजे बाहेरची शांतता आठवड्यातून एकदा फुकट मिळणार होती. आतली शांतता मात्र विकत घ्यायची होती, आणि बेताच्या पैशात. आवाज शिकवायला मशीन दमदार लागतं. भारी ग्राफिक कार्ड परवडणारं नव्हतं. मग ललितभाऊंनी ठरवलं, जुना पण चांगला प्रोसेसर घ्यायचा आणि कंपनीने नेमून दिलेल्यापेक्षा त्याला किंचित जास्त पळवायचं. यालाच त्यांच्या धंद्यात ओव्हरक्लॉक म्हणतात. जास्त पळालेला प्रोसेसर तापतो, तापला की पंखा जोरात फिरतो आणि पंखा फिरला की आवाज. म्हणून थोडंच पळवायचं, वर उष्णता ओढून घेणारा भलामोठा हीटसिंक बसवायचा आणि त्याला रुंद, संथ फिरणारा पंखा. मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएससुद्धा कमी भारावर पंखा थांबवणारा. इंदूरला त्यांचा जुना सोबती विपुल वापरलेले पार्ट विकायचा. त्याच्याशी रोज फोन.

"पंखा पाठवला तो परत घे, विपुल. टिकटिक येऊन राहिली."

"भाऊ, कान लावला की भिंतीतूनपण टिकटिक येते. तुम्ही बसवा ना."

"नाही. दुसरा पाठव."

दुसरा आला. त्याचं बेअरिंग कुरकुरलं. पोळा झाला. मदरबोर्ड आला, तो वेग वाढवू देईना, तो बदलला.

इकडे निर्मला बोलत होती. आधीपेक्षा हळू, शब्द एकमेकांत गुंतलेले, पण आवाज तिचाच होता. एकदा ताट वाढताना म्हणाली, "अहो, मोबाइलवरच घ्या ना उतरवून. चालते."

"मोबाइलमध्ये लूमच जास्त येतात. तुझा आवाज घेऊ की लूमचा?"

"शुक्रवारी घ्या."

"अगं, एकदाच घ्यायचाय तर नीट घेऊ. फुटका आवाज जन्मभर ऐकशील का?"

ती पुढचं वाढायला लागली. पंचवीस वर्षं संसार केलेला. या माणसाला घाई करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे तिला पाठ झालं होतं. शिवाय आपल्यासाठीच राबतोय, हेही दिसत होतं. तिने तेव्हा भांडायला हवं होतं. पण प्रेमाने चाललेल्या चुकीशी भांडायचं तरी कसं?

गणपती बसले तेव्हा दुकानात मशीन उभं राहिलं. ललितभाऊंनी ते पळवून पाहिलं, तापवून पाहिलं, शटर अर्धं ओढून कान लावून ऐकलं. काही नाही. चालू आहे की बंद, ते वरचा दिवा बघून कळायचं. विसर्जन झालं की घरी न्यायचं, असं ठरलं. पण विसर्जनाच्या गडबडीत एक केबल यायची राहिली, आणि ती आली तेव्हा पितृपक्ष लागला होता.

बुऱ्हाणपुरात पितृपक्षात कोणी नवी वस्तू घरात आणत नाही. त्या पंधरवड्यात दुकानदार माश्या मारतात. ललितभाऊ काही मोठे कर्मठ नव्हते, पण इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी पितृपक्षात एकही नवं मशीन कोणाच्या घरी पोचवलं नव्हतं. लोक घेतच नसत. मग हे तर बायकोच्या जिवाचं काम. त्यात अपशकुन कशाला?

निर्मलाला समजलं तेव्हा ती मोठ्या कष्टाने म्हणाली, "पितर काय... कॉम्प्युटर फोडतात का?"

"घटस्थापनेला आणतो ना. इतके दिवस थांबली, आता थोडक्यासाठी कशाला?"

"आणा हो," ती म्हणाली.

ललितभाऊंनी तिचं ऐकलेलं शेवटचं धड वाक्य ते. तेव्हा त्यांना काय माहीत. ते दुकानात गेले आणि पंख्याचा वेग अजून थोडा कमी करता येतो का ते बघत बसले.

सर्वपित्रीच्या आधी वरणभाताचा घास तिच्या श्वासनलिकेत गेला. ताप चढला, छातीत कफ साठला, दम लागला. गाडी करून इंदूरला नेलं. तिथे जीव वाचवायला गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली. नाशिकला नोकरीला असलेली मुलगी रुपाली धावत आली, आईच्या उशाशी बसून राहिली. डॉक्टरांनी कोणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, की या आजारात आता आवाज परत यायची आशा धरू नका.

घरी आले तेव्हा दसरा होऊन गेला होता. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण ललितभाऊ दुसऱ्यांना ऐकवत आले होते. मशीन त्यांनी घरी आणलं, कारण आता ते दुकानात बघवत नव्हतं. शुक्रवारी मागच्या गल्लीतले लूम थांबले. त्यांनी बटण दाबलं. खोलीत कसलाच आवाज नव्हता. निर्मलाच्या नळीतून श्वास येत-जात होता, तेवढाच. माइक चालू होता, आणि पडद्यावरची रेघ त्या श्वासाबरोबर थरथरत होती. ललितभाऊंनी घाईघाईने माइक बंद केला, आणि मग ते रडले. इंदूरच्या बसमध्ये राहिलेलं रडणं तेव्हा आलं.

कॉम्प्युटरमध्ये बायकांचे तयार आवाज होते. एक लावून दाखवला. स्टेशनवर गाडी उशिरा धावत असल्याचं सांगणाऱ्या बाईचा वाटावा असा. निर्मलाने नकारार्थी मान हलवली. दुसराही नको. मग तिने रेकॉर्ड करायच्या, पडद्यावरच्या वाक्यांवर बोट ठेवलं आणि तेच बोट नवऱ्याच्या छातीला लावलं.

"मी वाचू? माझा आवाज?"

तिने मान डोलावली. का, ते टाइप केलं नाही. ही माया होती की शिक्षा, ललितभाऊंना आजही कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत नाही. ते दर शुक्रवारी वाचायला बसले. 'मला भूक लागली. खिडकी लावा. मी दमले.' वाक्यं तिच्यासाठी निवडलेली, गळा यांचा. प्रोसेसर जास्त पळाला, तापला नाही. सगळं ठरवल्याप्रमाणे झालं.

पहिल्यांदा आवाज तयार झाला त्या संध्याकाळी रुपालीचा फोन आला. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. ललितभाऊंनी फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डाशेजारी ठेवला. निर्मलाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. तिने भराभर टाइप केलं.

"रुपाली, जेवलीस का गं?" कॉम्प्युटर बोलला.

"हो बाबा, आत्ताच. आज तुमचा आवाज किती साफ येतोय," रुपाली म्हणाली. "आईच्या कानाला लावा ना फोन. तिच्याशी बोलायचंय."

निर्मलाने कीबोर्ड जवळ ओढला. मग तिने दोन शब्द टाइप केले.

"मीच आहे."

"हो बाबा, कळलं तुम्हीच आहात. आईला द्या ना."

ललितभाऊंनी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते जे बोलले असते, तेही त्याच आवाजात गेलं असतं. निर्मलाने कीबोर्ड बाजूला सारला, फोन उचलून कानाला लावला आणि मुलगी काय म्हणते ते ऐकत बसली.