दत्तादादांच्या सरळ चौकटी

मी जळकोटला घरी शेंगा फोडत बसले होते, तेव्हा दत्तादादांच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दादा गेला..." एवढंच बोलला. दुपारी छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. आदल्याच दिवशी मी रजेवर निघताना दादा मला म्हणाले होते, "लॅपटॉप नेऊ नको गं. आईशी बोल जरा." मी नेलाच होता. आज त्याला तीन आठवडे झाले.

नांदेडात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. शाळा-वसतिगृहांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. म्हणजे दादा बनवायचे आणि मी हुज्जत घालायची. फॉर्म हा त्यांचा जीव की प्राण. पडद्यावर न दिसणारे उभे-आडवे रकाने आखायचे, त्याला आम्ही ग्रिड म्हणतो. डावीकडं प्रश्न, उजवीकडं लिहायची चौकट. ऐकायला सोपं आहे. पण 'पालकांचा व्यवसाय व वार्षिक उत्पन्न' असला लांबलचक प्रश्न लहान मोबाइलवर दोन ओळींत मोडतो, शेजारची चौकट ताणून उंच होते आणि अक्षरं कुठल्या कुठं जातात. प्रश्नाची अक्षरं आणि चौकटीत उमटणारी अक्षरं एकाच रेषेवर टेकेपर्यंत दादा अर्धा अर्धा दिवस घालवायचे. मी कुरकुरायचे, "दादा, केसभर फरक कुणाला दिसतो?" ते म्हणायचे, "मायला दिसतो."

माय म्हणजे उमरीला राहणारी त्यांची आई, चौथी शिकलेली. कुठलाही फॉर्म देण्याआधी दादा गावी जाऊन तिच्या हातात मोबाइल द्यायचे. ती चुकतमाकत फॉर्म भरायची; दर वेळी काचेला न टेकवता प्रश्नावर बोट धरून वाचायची आणि बोट तसंच सरळ उजवीकडं न्यायची. चौकटीवर आलं तर फॉर्म पास. नाहीतर, "दत्ता, तुजा कागद लई वाकडा हाय रे!" मग दादा मुकाट्यानं परत कामाला. एवढ्या शिकलेल्या माणसाची परीक्षा माय घेते, याचं मला तेव्हा हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेशाचा फॉर्म मी केला. दादा तापानं आजारी होते. "उमरीला जाऊन मायला दाखवून ये," म्हणाले. मी हो म्हटलं आणि गेले नाही. लॅपटॉपवर सगळं बिनचूक भरून बघितलं, झकास दिसलं, देऊन टाकला. आधारचा अंक चुकला की लाल अक्षरांत सूचना यायची, ती मी सुटी ठेवली होती. पंगतीत एक पाहुणा मध्येच येऊन बसावा तशी ती रकान्यातली एक जागा अडवून बसली आणि खालचं सगळं एकेक घर सरकलं. पोरींनी समोर दिसलं तसं भरलं. गावाच्या जागी मोबाइल गेला, मोबाइलच्या जागी पिनकोड. ज्यांचा अंक चुकला होता, त्या पोरींना मुलाखतीचे निरोप पोचलेच नाहीत.

दादा अंगात कणकण घेऊनच ऑफिसात आले. मला विचारलं, "माय काय म्हणाली फॉर्म बघून?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. प्रश्न, चौकट आणि सूचना एकाच घरात बांधून टाकली, म्हणजे सूचना आली तरी आपल्या चौकटीखालीच राहील. मग गावाच्या रकान्यातले नंबर शोधून एकेका घरी फोन लावले. शिरूर अनंतपाळचे एक वडील म्हणाले, "आमाला वाटलं, नंबर लागला न्हाई पोरीचा. तिचं कॉलेज बंद करायला निगालो होतो." दादांनी डोळे मिटले. दादा वसतिगृहाच्या मॅडमना मुलाखतीची मुदत वाढवायला सांगत होते, तेव्हा मी समोरच बसले होते. "चूक माझी हाय मॅडम, पोरींची न्हाई," दादा म्हणाले. ती पोर वसतिगृहात राहिली, शिकते आहे. मी मात्र उमरीला गेलेच नव्हते, हे दादांना सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते... लाज वाटायची हो, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात त्याच मॅडमचा फोन आला. दादांबद्दल हळहळल्या. यंदाच्या फॉर्मचं बोलता बोलता मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, तेव्हाची ती चूक दादांची नव्हती. माझी होती."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "आईला दाखवल्याशिवाय ते फॉर्म देत नव्हते, हे मला ठाऊक होतं. मी तेव्हाच विचारलं त्यांना, तुमच्याकडच्या त्या मुलीनं केलं का म्हणून. तर म्हणाले, 'तिला काही बोलू नका मॅडम. पोरगी चांगली हाय. सांगंल स्वतःहून.'"

फोन ठेवला आणि खूप रडले. दोन वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. रोज चारचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो. चहा संपला तरी दादा लगेच उठायचे नाहीत, थोडा वेळ नुसतेच बसून राहायचे.